कावळा बसला म्हणून फांदी मोडली का?

मोजपट्टी

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकतो.

कुठेही पूर आला, वणवा पेटला, जमीन हादरली की तासाभरात दोन तट पडतात. एकांचं म्हणणं, "भोगा आता आपल्या कर्माची फळं." दुसऱ्यांचं म्हणणं, "पूर काय आजच येतात का? पृथ्वी साडेचार अब्ज वर्षांची, तिच्यापुढे माणूस कुठल्या झाडाचा पाला!" आकडे बघायची तसदी दोघंही घेत नाहीत.

आपण कावळा बसायला आणि फांदी मोडायला म्हणतो आणि योगायोग म्हणून सोडून देतो. पण नीट विचारायचं तर तीन प्रश्न आहेत. कावळ्याचं, म्हणजे माणसाच्या करणीचं, वजन किती होतं? फांदी आधीच कुजलेली होती का? आणि खाली कोण झोपलं होतं?

तिसऱ्या प्रश्नाचं उदाहरण मीच देतो. १२ जानेवारी २०१० ला हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. मृतांचे अंदाज एक लाखापासून तीन लाखांपर्यंत आहेत. दीड महिन्यानं, २७ फेब्रुवारीला चिलीत ८.८ चा झाला. बाहेर पडलेली ऊर्जा हैतीच्या सुमारे ५०० पट. मृत्यू पाचशेच्या आसपास. हैतीचं केंद्र राजधानीच्या अगदी जवळ होतं आणि चिलीचं समुद्रात, हे धरूनही एवढी तफावत निव्वळ भूगर्भाची नाही. चिलीत १९६० च्या महाभूकंपानंतर बांधकामाचे नियम कडक झाले आणि पाळलेही गेले. म्हणजे भूकंप निसर्गाचा, पण माणसं मेली ती छताखाली, आणि छत माणसानं घातलेलं.

तर माझा प्रश्न: कुठल्या संकटात माणसाचा हात नक्की किती? जाणकारांनी लिहावं. भावना नकोत, विदा (आकडेवारी) द्या.

निवांत

वाचनखूण साठवली. मी कोपऱ्यात बसून वाचणार आहे, कुणी भांडू नका.

शंकासुर

धागा चांगला आहे म्हणून विरोधी बाजू मीच घेतो, नाहीतर सगळे माना डोलावत बसाल. एक मोठा ज्वालामुखी फुटला की माणसानं शंभर वर्षांत सोडला नसेल एवढा कार्बन डायऑक्साइड एका दिवसात बाहेर पडतो, असं कैक वर्षं ऐकतोय. असं असेल तर आपण गाड्या बंद करून काय उपयोग?

राखरांगोळी

शंकासुर, हे मीही कॉलेजात असताना छातीठोकपणे सांगायचे, त्यामुळे हसत नाही. पण गणित बरोबर उलटं आहे.

जीवाश्म इंधनं आणि सिमेंट मिळून माणूस वर्षाला सुमारे ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. जमिनीवरचे आणि समुद्राखालचे सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला अर्धा अब्ज टनही सोडत नाहीत.

जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला. विसाव्या शतकातला दुसऱ्या क्रमांकाचा उद्रेक. तुमचं म्हणणं खरं असतं तर हवाई बेटांवर मौना लोआला १९५८ पासून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची जी मोजणी चालू आहे, तिच्या आलेखावर त्या वर्षी भलंमोठं टेंगूळ दिसायला हवं होतं. दिसतं काय, तर वाढीचा वेग पुढची एक-दोन वर्षं उलट मंदावला! कारण पिनाटुबोनं दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला, त्याच्या बारीक थेंबांनी ऊन अडवलं आणि पृथ्वीचं सरासरी तापमान वर्षभरासाठी साधारण अर्ध्या अंशानं खाली आलं, आणि त्या गारव्यात जमिनीनं-झाडांनी जास्त कार्बन धरून ठेवला.

म्हणजे ज्वालामुखी हवामान बदलतात हे खरंच. १८१५ मध्ये तांबोरा फुटला आणि १८१६ साली युरोप-अमेरिकेच्या काही भागांत उन्हाळाच आला नाही. पण ते तात्पुरतं थंड करतात. गेल्या शतकभराची गरमी त्यांच्या खात्यावर मांडता येत नाही.

मौना लोआचा पहिला आकडा हवेच्या दहा लाख भागांत ३१५ च्या आसपास होता. आता ४२० च्या वर गेलाय.

शंकासुर

ज्वालामुखी मागे घेतो. मग सूर्य? तापवणारा तोच ना शेवटी.

ढगाआड

हा माझा आवडता प्रश्न, कारण याचं उत्तर वर बघून मिळतं.

समजा सूर्यच जास्त तापला. मग वातावरण वरपासून खालपर्यंत सगळंच तापायला हवं. आता समजा सूर्य तेवढाच आहे, पण मधलं कार्बन डायऑक्साइडचं पांघरूण जाड झालंय. पांघरुणाच्या आत गरम होईल आणि बाहेरच्या बाजूला गारवा वाढेल, कारण खालची उष्णता आता तिथवर तेवढी पोचत नाही. (भौतिकशास्त्रवाले रागावतील, तिथल्या वायूचं स्वतःचं उष्णता बाहेर फेकणंही वाढतं. पण चित्र म्हणून चालेल.)

मोजमापात काय दिसतं? जमिनीलगतची हवा तापत गेली आणि स्थितांबर (ढगांच्या वरचा वातावरणाचा थर), त्यातही त्याचा वरचा भाग, थंड होत गेला. खालच्या स्थितांबराच्या थंडाव्यात ओझोन घटण्याचाही वाटा आहे, पण ती करामतही आपलीच.

गंमत म्हणजे हे आधी दिसलं आणि मग कारण शोधलं असं झालेलं नाही. स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्येच गणित मांडून सांगितलं होतं की कार्बन डायऑक्साइड वाढला तर खाली तापेल आणि वर गार होईल. तेव्हा ते पडताळायला उपग्रहांची नोंदही नव्हती. मनाबेंना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आणि सूर्याचं म्हणाल तर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रह त्याची ऊर्जा थेट मोजताहेत. अकरा वर्षांचा चढउतार दिसतो. सलग चढ नाही.

बिनतारी

सगळे मूळ मुद्दा टाळताय. हवामान यंत्रानं नियंत्रित करतात. अलास्कातल्या हार्प (HAARP) केंद्राच्या त्या अँटेना कशाला आहेत मग? दुबई बुडाली ती कृत्रिम पावसानंच ना?

ढगाआड

अलास्कातल्या अँटेना आयनांबराचा, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित कणांच्या वरच्या थराचा, अभ्यास करतात. ते ऐंशी किलोमीटरच्या वर सुरू होतं. पाऊस पाडणारे ढग दहा-पंधरा किलोमीटरच्या आत.

दुबईचं बोलू. १६ एप्रिल २०२४ ला अमिरातीत ७५ वर्षांच्या नोंदीतला सर्वांत मोठा पाऊस झाला, अल ऐन भागात एका ठिकाणी २५० मिलिमीटरच्या वर. ढगांत मीठ फवारून फार तर काय होतं, ढगात आहे त्याच पाण्यातलं थोडं जास्त खाली येतं. नसलेलं पाणी कुणी आणू शकत नाही. आणि ती प्रणाली दोन दिवस आधी ओमानमध्ये माणसं बुडवून आली होती. हवामानाची संगणकी मॉडेलं कित्येक दिवस आधीपासून जोरदार पाऊस दाखवत होती.

पाणी तुंबलं कशानं? पाऊस मुरायला माती नाही, वाहून न्यायला गटारं नाहीत, सगळा डांबर आणि काँक्रीटचा पाट. मोजपट्टींचा तिसरा प्रश्न.

बिनतारी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

दगडफोड्या

आता मी उतरतो, कारण भूकंपाचं नाव निघालं.

आधी सरळ सांगतो: मोठ्या भूकंपांशी माणसाचा काही संबंध नाही. भूपट्ट सरकतात, ताण साठतो, सुटतो. २००४ ची सुनामी, २०११ चा जपान, यांत कुणाचं पाप शोधू नये. पण छोट्या-मध्यम भूकंपांत माणसाचं बोट कधीकधी चापावर असतं, आणि त्याचं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण म्हणजे कोयना. ११ डिसेंबर १९६७, पहाट, तीव्रता ६.३. धरण भरायला लागलं त्यानंतर परिसरात हादरे वाढत गेले होते. आजही तिथले हादरे जलाशयाच्या पातळीशी बांधलेले दिसतात.

धरणाच्या वजनानं जमीन दबते असं लोकांना वाटतं. वजनाचा भाग आहे, पण खरा खेळ पाण्याच्या दाबाचा आहे. दोन खडबडीत फरशा एकीवर एक घट्ट दाबून धरा, सरकणार नाहीत. मध्ये दाबानं पाणी घुसवा, पकड ढिली होते. खोल भेगांत पाणी उतरलं की तसंच होतं. पण ताण आधीच साठलेला लागतो. तो पाण्यानं निर्माण होत नाही.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमात हे उघड्यावर घडलं. २००८ पर्यंत तिथे तीनच्या वरचे भूकंप वर्षाला एखाददुसरा. तेलासोबत वर येणारं खारं पाणी परत खोल जमिनीत दाबायचा सपाटा लावला आणि २०१५ मध्ये एका वर्षात ९०० च्या आसपास! मग पाणी दाबण्यावर बंधनं आली, तसे हादरे ओसरले. कावळा उठवला आणि फांदी हलायची थांबली. याहून स्वच्छ पुरावा निसर्गात क्वचित मिळतो.

मोजपट्टी

दंडवत. पण मग कोयनेत दोष कुणाचा, कावळ्याचा की फांदीचा? ताण आधीचाच असेल तर तो भूकंप कधीतरी झालाच असता ना?

दगडफोड्या

कधीतरी झालाच असता, हो. पण हा 'कधीतरी' उद्या असू शकतो किंवा हजार वर्षांनी.

याचं उत्तर भूकंपात देता येत नाही म्हणून दरडीचं देतो. जरा लांबेल.

उत्तर इटलीत वायोंत नावाची अरुंद घळ आहे. तिथे १९६० च्या सुमारास धरण बांधून झालं, उंची २६१ मीटर, तेव्हा जगातल्या सर्वांत उंच धरणांपैकी एक. डाव्या अंगाला तोक नावाचा डोंगर. पाणी भरायला लागल्यावर नोव्हेंबर १९६० मध्ये डोंगराचा सात लाख घनमीटरचा तुकडा तलावात पडला, आणि वर उतारावर इंग्रजी एम अक्षरासारखी सुमारे दोन किलोमीटर लांब भेग उघडली. म्हणजे पडला तो तुकडा नमुना होता, अख्खी डोंगरकूस सुटायला आली होती.

इथे अभियंत्यांनी काय ठरवलं ते बघा. डोंगर थांबवता येणार नाही हे त्यांना कळलं. मग ते म्हणाले, आपण त्याला हळूहळू उतरवू. पाणी चढवलं की डोंगर सरकतो, उतरवलं की थांबतो, असं नोंदीत दिसत होतं. म्हणून ते तलाव चढवत-उतरवत राहिले, डोंगर जणू नळानं चालतो अशा थाटात. तीन वर्षं. १९६३ च्या सप्टेंबरात तो दिवसाला सेंटिमीटर-सेंटिमीटर सरकायला लागला तेव्हा पाणी उतरवायला घेतलं, पण या खेपेला डोंगर थांबला नाही.

९ ऑक्टोबर १९६३, रात्री १० वाजून ३९ मिनिटं. सुमारे २६ कोटी घनमीटर खडक एका तुकड्यात खाली आला, मिनिटभराच्या आत. तलावातलं पाणी उडालं, धरणावरून पलीकडे गेलं आणि खालच्या खोऱ्यातलं लोंगारोने गाव धुऊन गेलं. सुमारे २००० माणसं.

धरणाला मात्र जवळजवळ काही झालं नाही. ते आजही उभं आहे, मागे पाण्याऐवजी डोंगर भरलेला.

फांदी कुजलेली होती का? होती. चुनखडीच्या थरांमध्ये चिकणमातीचे पातळ पट्टे होते आणि ती कूस फार पूर्वी एकदा घसरलेली जुनी दरडच होती, असं नंतर बहुतेकांनी मानलं. पण कावळा उडवायला तीन वर्षं होती आणि फांदी करकरत होती. तीना मेर्लिन नावाच्या पत्रकार बाईंनी डोंगराबद्दल आधीच लिहिलं, तर खोटी आणि घबराट पसरवणारी बातमी दिली म्हणून त्यांच्यावरच खटला भरला. त्या निर्दोष सुटल्या, १९६० मध्ये.

निवांत

काटा आला. "हळूहळू उतरवू" हे वाक्य डोक्यातून जाणार नाही.

शंकासुर

वायोंतबद्दल वाद नाही, तो सरळ माणसाचा उद्योग. पण एका घळीतली गोष्ट वेगळी आणि अख्ख्या पृथ्वीचं हवामान वेगळं. एखादी उष्णतेची लाट आली की दुसऱ्या दिवशी "हवामानबदलामुळे" असं छापून येतं, हे कशाच्या जोरावर? पूर्वीही लाटा यायच्या.

ढगाआड

शंका रास्त आहे. बातम्यांत हे फारच ढोबळ लिहितात, मलाही चीड येते.

'या लाटेचं कारण कोण' हा प्रश्न शास्त्रज्ञ विचारतच नाहीत. ते विचारतात की अशी लाट आजच्या हवेत किती वेळा येईल आणि तापमान न वाढलेल्या हवेत किती वेळा आली असती. मॉडेल दोन्ही तऱ्हांनी हजारो वेळा चालवायचं, जुन्या नोंदी ताडून बघायच्या, आणि दोन उत्तरांची तुलना. २००३ च्या युरोपातल्या उन्हाळ्यावर पीटर स्टॉट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये असं पहिलं मोठं काम केलं. त्यांचा निष्कर्ष: माणसामुळे त्या उन्हाळ्याची शक्यता किमान दुप्पट झाली असण्याचीच दाट शक्यता. भाषा बघा किती जपून आहे.

कधीकधी मात्र जपायला जागाच राहत नाही. कॅनडाचा उच्चांक १९३७ पासून ४५ अंश होता. जून २०२१ च्या अखेरीस लिटन नावाच्या चिमुकल्या गावानं तो लागोपाठ तीन दिवस मोडला आणि २९ तारखेला ४९.६ वर नेऊन ठेवला. विक्रम साधारणपणे अर्ध्या-पाव अंशानं मोडतात, इथे साडेचारनं मोडला. ३० तारखेला गावाला आग लागली आणि बहुतेक गाव जळून गेलं. त्या लाटेच्या अभ्यासात आलं की तापमानवाढ नसती तर एवढी गरमी जवळजवळ अशक्यच होती.

पावसाचं गणित त्यामानानं सोपं. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणून मुसळधार आणखी मुसळधार होतो. पण वादळांची संख्या, वावटळी, गारपीट यांबद्दल एवढ्या ठामपणे बोलता येत नाही. तिथे कुणी छातीठोक सांगत असेल तर शंकासुरांनी जरूर शंका घ्यावी.

शंकासुर

घेतो. आणि तुम्ही शेवटचा परिच्छेद लिहिलात म्हणून वरचे परिच्छेद मला जास्त पटले, हे प्रामाणिकपणे कबूल करतो.

पण आता माझंही एक ऐका. नोव्हेंबर १९७० मध्ये भोला चक्रीवादळात तीन ते पाच लाख लोक गेले असं मानतात. त्याच किनाऱ्यावर २००७ मध्ये सिडर नावाचं तसंच भयंकर वादळ आलं, मृत्यू काही हजार. म्हणजे हवा तापत असताना मरणारे कमी झाले. हे कुणी सांगत नाही, कारण त्यानं घबराट पसरत नाही.

मोजपट्टी

पूर्ण सहमत, आणि हे धाग्याच्या पोटातलंच आहे. इशारा, निवारे, सायकलवरून भोंगा घेऊन फिरणारे स्वयंसेवक, यांनी खाली झोपलेल्यांना उठवलं. फांदी तशीच पडली. पण यावरून कावळा हलका आहे असं सिद्ध होत नाही, एवढंच.

खोल विहीर

उशिरा आले, सगळं वाचून काढलं. एक राहिलंच: पाणी उपसणं.

समुद्राची पातळी जगभर सरासरी वर्षाला तीन-चार मिलिमीटर चढतेय. पण जकार्ताचे काही भाग एकेकाळी वर्षाला २० सेंटिमीटरच्या वर खचत होते. तिथे घरात खारं पाणी शिरलं की सगळे समुद्राकडे बोट दाखवतात, आणि मुख्य गुन्हेगार असतो पायाखालचा पंप. मातीच्या कणांमधलं पाणी काढलं की थर दबतात, आणि चिकणमाती एकदा दबली की पाणी परत भरलं तरी फुगत नाही. टोकियोचे काही भाग असेच चार मीटरपेक्षा जास्त खचले. उपशावर निर्बंध आल्यावर खचणं जवळपास थांबलं, पण गेलेले चार मीटर गेलेच.

कॅलिफोर्नियातल्या सान वाकीन खोऱ्यातला एक फोटो शोधून बघा. विजेच्या खांबाशेजारी एक भूशास्त्रज्ञ उभा आहे. खांबावर पाट्या: १९५५, आणि खूप वर, टोकाजवळ, १९२५. त्या साली जमीन जिथे होती तिथे ती पाटी. पायाशी १९७७. बावन्न वर्षांत जवळजवळ नऊ मीटर, तीन मजली घराएवढी उंची. आणि शेतं हिरवीगार, कुणाला काही जाणवलंही नसेल, कारण सगळंच एकदम खाली गेलं.

जाता जाता, १९९३ ते २०१० या काळात जगभर उपसलेल्या भूजलानं पृथ्वीचा अक्ष जवळजवळ ८० सेंटिमीटर सरकला.

शंकासुर

आता अति झालं. विहिरींनी ध्रुव सरकला? आणि ८० सेंटिमीटर मोजले कुणी, टेप घेऊन?

खोल विहीर

टेपच, फक्त लांबलचक. अब्जावधी प्रकाशवर्षं दूर असलेल्या क्वासारांचे (दूरच्या दीर्घिकांच्या झगझगीत गाभ्यांचे) रेडिओ संकेत वेगवेगळ्या खंडांवरच्या दुर्बिणी एकाच वेळी पकडतात. पोचण्याच्या वेळेतल्या बारीकशा फरकावरून पृथ्वी कशी डुलतेय ते कळतं. ध्रुवाचं सरकणं नवं नाही, ते शतकभर मोजताहेत.

अवघड होतं ते कारण लावणं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात शास्त्रज्ञांनी आधी वितळलेलं बर्फ धरलं, मग धरणांत साठलेलं पाणी धरलं. गणितातला ध्रुव एकीकडे जात होता आणि खरा दुसरीकडे. मग २१५० अब्ज टन उपसलेलं भूजल त्यात घातलं, जे शेवटी वाहत समुद्रात गेलं, आणि दोन्ही रेघा जुळल्या. याचा हवेवर किंवा ऋतूंवर परिणाम होत नाही, घाबरू नका. ध्रुव तसाही वर्षभरात काही मीटर डुलत असतो.

शंकासुर

म्हणजे कावळे बरेच होते, एकेक करून मोजले आणि शेवटचा सापडेपर्यंत हिशेब लागला नाही.

बरं, मूळ पेपरचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आधी वाचतो, मग भांडायला येतो.